गुरनुले सरांचा चार खांबी मांडव

गुरनुले सरांसमोर बोलताना अडखळायची सोय नव्हती. तुम्ही शब्द शोधायला जरा थांबलात की तो शब्द ते तुमच्या हातात ठेवत. बँकेतला मुलगा "काका, तुमचं ते हे लागेल..." असं म्हणाला की सर हळूच म्हणत, "आधार कार्ड." आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात "आणि या हुतात्म्यांच्या..." म्हणून चष्मा वर केला, तेव्हा पहिल्या रांगेतून "बलिदानामुळे" असं कुजबुजत्या पण स्पष्ट आवाजात आलं. प्राचार्यांनी ते घेतलं आणि पुढे गेले. एकदा सर कोणाकडे तरी सांत्वनाला गेले. तिथे मयताच्या भावाला बोलवेना, तर त्यालाही त्यांनी मागून दोन वाक्यं पुरवली. भावानं ती जशीच्या तशी म्हटली आणि जमलेले लोक गहिवरले, असं सर स्वतःच समाधानानं सांगायचे.

ही सवय नाटकातली. आमच्या वडशाच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की रात्री नाटक ठरलेलं. नट कुठून कुठून येतात, आज या गावात एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. तालमीला वेळ कोणाकडे असतो? सगळा भार विंगेत बसून संवाद पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरवर. सर धानोऱ्याच्या पलीकडच्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवत आणि हिवाळ्यात सुट्टी मिळाली की प्रॉम्प्टिंग करत. रंगमंचावर मात्र ते एकदाच गेले. राजाचं काम करणारा नट पोचलाच नाही, तेव्हा लोकांनी सरांनाच दाढी लावून ढकललं. नाटक त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं. एकही शब्द चुकला नाही. पण बोलले सगळं कुजबुजत्या आवाजात. मागून लोक ओरडत होते, "राजेभाऊ, जोरात!" आणि राजेभाऊ आपले प्रधानाच्या कानात बोलल्यासारखं राज्य चालवत होते. त्यानंतर त्यांना कोणी दाढी लावली नाही.

मी त्यांना ओळखते ती ते निवृत्त झाल्यापासून. वडशाच्या आमच्या कॉलेजात दूरशिक्षणाचं अभ्यासकेंद्र आहे आणि त्याचं सगळं काम माझ्याकडे आहे. नोकरी करणारी, शेती करणारी, लग्न झालेली माणसं इथे नाव नोंदवतात, घरून अभ्यास करतात आणि मोबाईलवर स्वाध्याय टाइप करून पोर्टलवर टाकतात. ते तपासायला आम्ही निवृत्त शिक्षक बोलावतो. गुरनुले सर आले तेव्हा त्यांना माउस धरता येत नव्हता. तो ते फळ्यावरच्या डस्टरसारखा घासत. शेवटी मी त्यांच्यासाठी पानं पुढे सरकवायची आणि त्यांनी वाचायचं, अशी वाटणी झाली. ते मनात वाचूच शकत नसत. सगळं अर्ध्या आवाजात. शेजारच्या खोलीतल्या ग्रंथपालबाईंनी तक्रार केली, की भिंतीपलीकडे सारखं कोणीतरी जप करतं.

पण त्या अर्ध्या आवाजाचा उपयोग होता. वाचता वाचता ते मध्येच थांबत आणि म्हणत, "बाई, हे गिळलं नाई यानं."

पहिल्यांदा मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. "नटाले वाक्य देल्लं का तो पहिले गिळते, मंग बोलते. न गिळता बोलला तं शेवटच्या रांगेतल्या बाईलेही समजते का हे याचं नाई. आता याचं पाहा. अख्खं पान बोलून राह्यला, घशाखाली एक घास नाई."

दुसऱ्याचं वाक्य म्हणणं त्यांना पाप वाटत नसे. वाटणार कसं, जन्मभर तोच धंदा केला. त्यांचं म्हणणं एवढंच, की म्हणताना ते आपलं करून म्हणा.

त्यांची परीक्षा घ्यायची रीत साधी होती. संशय आला की फोन. ब्रह्मपुरीकडच्या एका मुलानं 'माझ्या गावातील तलाव' या विषयावर चार पानं पाठवली होती. भाषा इतकी गोंडस की मी पूर्ण गुण देऊन मोकळी झाले असते. सरांनी त्याला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर.

"काऊन रे, तुह्या गावच्या तलावात बोटी कवा आल्या?"

मुलगा म्हणाला, "येणार हायेत सर."

"अन् कमळं पाहाले दुरून दुरून पर्यटक येतेत मनते?"

"ते बी येणार हायेत."

"बरं. मंग ते आल्यावर त्यायचं लिवजो. तवरिक तलावात जे हाय ते लिव."

सर त्याला रागे भरले नाहीत, त्यांनी आठवडाभराची मुदत दिली. दुसऱ्या खेपेला त्या मुलानं तलावातला गाळ लिहिला, शिंगाड्याच्या वेलींवरून दोन मोहल्ल्यांत झालेलं भांडण लिहिलं, आणि काका मासेमारी संस्थेत आहेत म्हणून आमच्या घरी कोणी तलावाबद्दल वाईट बोलत नाही, हेही लिहून टाकलं. सर वाचताना खुर्चीत मागे रेलून हसत होते.

त्याच सुमाराला पोर्टलवर ती रंगांची व्यवस्था आली. विद्यार्थ्यानं स्वाध्याय टाकला की एक सॉफ्टवेअर तो वाचणार आणि माणसानं लिहिला की यंत्राकडून लिहून घेतला याचा अंदाज करून शेजारी रंग दाखवणार. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे शंका, लाल म्हणजे निकाल राखून ठेवायचा. मला ही सोय आवडली. ढीग पडलेला असतो, तपासणारे थोडे, आणि मोबाईलला विचारून लिहिणारे वाढतच चाललेले. कोणीतरी चाळून देतंय तर देऊ दे. गंमत म्हणून मी त्या तलावाच्या मुलाचे दोन्ही स्वाध्याय त्यात घालून पाहिले. बोटींचा हिरवा आला, गाळाचा पिवळा. सर म्हणाले, "याले शिंगाडे आवडत नाई वाटते." आम्ही हसलो आणि विषय तिथेच राहिला.

हसणं उतरलं ते पर्यावरणाच्या स्वाध्यायांच्या वेळी. विषय होता 'माझ्या परिसरातील वनोपज'. धानोऱ्याकडच्या विद्यार्थ्यांचे स्वाध्याय येऊ लागले आणि एकामागून एक लाल होत गेले. तेंदू लाल, बांबू लाल, डिंक लाल. मी नावं वाचत गेले तसा सरांचा चेहरा बदलत गेला. बहुतेक सगळी त्यांच्या आश्रमशाळेत शिकलेली मुलं होती. आता मोठी झालेली, कोणी वनरक्षक, कोणी आशा ताई, कोणी घरची शेती करणारे.

सर फार चिडले. मी त्यांना तेवढं चिडलेलं नंतर कधी पाहिलं नाही. यायले मी अक्षर अक्षर शिकवलं आन् हे मशीनकडून लिवून घेऊन राह्यले, असं म्हणत त्यांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. मुलं सगळी त्यांना घाबरणारी. कोणी उलट बोललं नाही, कोणी कबूलही झालं नाही. नुसतं "नाई सर, नाई सर." त्यामुळे सर आणखी चिडले.

रंजना नरोटेचा फोन शेवटी लागला, कारण तिच्या गावात नेटवर्क नव्हतं. ती अंगणवाडी सेविका. लग्न झाल्यावर, दोन मुलं झाल्यावर बीएला बसलेली. तिला पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसायचं होतं. त्याला पदवी लागते आणि वयाची अट असते, आणि वयात बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. मोहाच्या झाडावर लिहिलेला तिचा स्वाध्याय लाल झाला होता. तो तसाच राहिला तर या वर्षी पदवी नाही, आणि पुढच्या वर्षी पदवीचा उपयोग नाही.

सरांनी तिलाही तेच सुनावलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "सर, मशीन माह्याजवळ कुठली? मी तं तुमच्याच मांडवातून लिवलं."

सर मला म्हणाले, "ठेवा बाई फोन."

मग मांडव काय ते मला कळलं. आश्रमशाळेतल्या मुलांच्या घरी गोंडी बोलली जाते. मराठी त्यांना शाळेतच भेटायची, आणि निबंधाला बसवलं की मुलं कोऱ्या कागदाकडे बघत तशीच बसून राहायची. म्हणून सरांनी एक युक्ती काढली होती. निबंध म्हणजे लग्नाचा मांडव. पहिला खांब, वस्तू काय आहे. दुसरा, ती कुठे सापडते. तिसरा, तिचा उपयोग काय. चौथा, ती नसली तर काय होईल. खांब उभे राहिले की वरून जांभळाच्या डहाळ्या टाकायच्या, म्हणजे 'अनमोल', 'समतोल', 'वारसा' असे चार बरे शब्द. आणि शेवटी मांडवातून बाहेर पडताना, "म्हणून याचे जतन करणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे." गाय असो, एसटी असो की ग्रामपंचायत, मांडव तोच. "पोरगं कोऱ्या कागदापुढं उन्हात उभं राहते बाई," ते म्हणायचे. "त्याले पहिले सावली पायजे." त्या मांडवाखालून त्यांची मुलं वर्षानुवर्षं दहावी पास होत गेली आणि सरांना त्याचा अभिमान होता. त्या शाळेची जुनी मुलं रजेचा अर्जसुद्धा चार खांबांवर उभा करतात, हे मी नंतर स्वतः पाहिलं. केंद्राच्या रविवारच्या वर्गाला येता येणार नाही म्हणून एका वनरक्षकानं मला पाठवलेल्या अर्जाचा शेवट 'म्हणून मला रजा मंजूर करणे हे आपले कर्तव्य आहे' असा होता.

दुसऱ्या दिवशी सर आले ते बसलेच नाहीत. म्हणाले, "बाई, माहाच एक निबंध टाकता का त्याच्यात?" त्यांनी पाठ असलेला 'बांबू' सांगितला आणि मी टाइप केला. लाल. मग 'पळस' सांगितला. लाल. 'बैल' सांगितला. तोही लाल.

सर पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मशीन माह्या शाळेत होतं का हो?"

मी हसले. तेही हसले, पण चहा आला तो त्यांनी घेतला नाही.

त्या यंत्राची चूक कशी होते हे मला तेव्हा उमगलं. मोबाईलमधलं ते लिहिणारं यंत्रही असंच लिहितं. चार खांब, वर डहाळ्या, शेवटी कर्तव्य. तेही बहुधा शाळामास्तरांचंच वाचून शिकलेलं असणार. पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला दोघांतला फरक कळायला काही मार्ग नव्हता.

मी विद्यापीठाला फोन केला. तिथले साहेब सभ्य होते. सर म्हणाले, मीच बोलतो. "ती वाक्यं पोट्टीची नाई, मशीनची बी नाई, माही हायेत," असं त्यांनी सांगून टाकलं. साहेब म्हणाले की मग ती शिक्षकाच्या मजकुराची नक्कल झाली, आणि नक्कल केली तरी नियम तोच. मी फोन काढून घेतला नसता तर सरांनी तिचं आणखी नुकसान केलं असतं. एकच वाट उरली होती. विद्यार्थी तोंडी परीक्षा मागू शकतो. परीक्षक व्हिडिओवर, विद्यार्थी केंद्रावर, आणि तपासनीस म्हणून सरांनी हजर राहायचं, पण एक शब्द बोलायचा नाही. बोलले तर परीक्षा रद्द आणि लाल रंग कायम.

ही शेवटची अट मी त्यांना दोनदा वाचून दाखवली. मला काळजी रंजनाची नव्हती, त्यांची होती.

रंजना धानोऱ्याहून सकाळच्या एसटीनं आली. नीट नेसलेली साडी, हातात पिशवी, चेहऱ्यावर काही नाही. सरांच्या पाया पडली आणि विचारलं, "सर, काय बोलू?" सर म्हणाले, "मले नको विचारू," आणि उठून व्हरांड्यात गेले. तिला ते लागलं. मी तिला कॅन्टीनमधून चहा आणि आलूबोंडा आणून दिला. तिनं चहा घेतला, आलूबोंडा पिशवीत ठेवला. व्हरांड्यात सर खांबाकडे तोंड करून उभे होते. आत आले असते तर बोलल्याशिवाय राहवलं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

लॅपटॉपसमोर मी रंजनाला बसवलं. सरांची खुर्ची कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून बाजूला, कपाटाच्या आडोशाला ठेवली. ते बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी त्यांना नेमकं विंगेत बसवलं आहे.

पडद्यावर एक तरुण मॅडम आल्या. बोलायला गोड होत्या. पहिले काही प्रश्न सरळ होते आणि रंजनानं मांडवातल्या मांडवात उत्तरं दिली. मोह कुठे आढळतो, उपयोग काय. मॅडम लिहून घेत होत्या, पण त्यांचा चेहरा खुलत नव्हता. हीच वाक्यं त्यांच्यासमोर छापील पडलेली होती. मग त्यांनी विचारलं, "मोह नाहीसा झाला तर तुमच्या गावाचं काय होईल?"

चौथा खांब. रंजना म्हणाली, "मोह नष्ट झाल्यास पर्यावरणाचा समतोल..."

आणि अडकली.

मी सरांकडे पाहिलं. 'बिघडेल' हा शब्द त्यांच्या ओठांवर येऊन उभा होता. ओठ उघडलेसुद्धा. त्यांनी तोंडावर तळहात ठेवला, मग त्यावर दुसरा तळहात ठेवला आणि वर पंख्याकडे पाहू लागले. जन्मात त्यांनी कोणाला असं अर्ध्यावर सोडलं नव्हतं. रंजनानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. शाळेत असताना कितीदा तिनं असं बघितलं असेल आणि तिला शब्द मिळाला असेल. आता तिला दिसले ते तोंड दाबून बसलेले सर.

"घाई नाही, बोला," मॅडम म्हणाल्या.

रंजना सरळ बसली. "मॅडम, समतोलाचं मले नाई सांगता येत. अस्वलाचं सांगू का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सांगा."

मग ती बोलायला लागली आणि आधीची रंजना कुठे गेली ते कळलं नाही. तिच्या आईचं एक झाड आहे. रानात कोणतं झाड कोणाच्या घरचं हे सगळ्यांना माहीत असतं, कोणी दुसऱ्याच्या झाडाखालची फुलं उचलत नाही. चैत्रात झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ ठेवायची, कारण मोहाची फुलं तोडत नाहीत, ती पहाटे आपोआप पडतात आणि वेचायची असतात. पण अस्वलालाही ती आवडतात आणि ते आपल्याआधी येतं. म्हणून तिची आई झाडाजवळ पोचायच्या आधी डबा वाजवायची आणि मोठ्यानं गोंडीत अस्वलाला म्हणायची, झालं असेल तर ऊठ आता, आम्हालाही घरदार आहे. हे वाक्य रंजनानं गोंडीतच म्हणून दाखवलं, आईच्या सुरात, आणि मग त्याचा अर्थ सांगितला. मॅडम हसल्या. परीक्षेतलं हसू नव्हतं ते.

"मोह नसला तं अस्वल गावात येईन," रंजना म्हणाली. "त्याले बी खाले पायजेच ना. आन् मॅडम, दुसरं एक हाय. लग्न झालेल्या पोरी चैतात माहेरी येतेत ते मोह वेचाच्या नावानं. सासरी सांगता येते, आईले मदत पायजे. मोहच नाई राह्यला तं कोणतं नाव सांगून याव?"

मॅडमनी विचारलं, "हे तुम्ही स्वाध्यायात का नाही लिहिलं?"

रंजनाला प्रश्नाचंच नवल वाटलं. "हे लिवाचं असते का मॅडम? निबंधात अस्वल कसं टाकाव?"

कपाटाआड सरांनी तोंडावरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

काही दिवसांनी पोर्टलवरचा लाल रंग गेला आणि तिचे गुण दिसू लागले. फार नव्हते, पण पुरेसे होते. रंजना वयात असतानाच परीक्षेला बसली. आता पुढचं तिचं ती पाहून घेईल, असं सर म्हणाले, आणि तिनं पाहून घेतलं. आज तिच्या हाताखाली बऱ्याच अंगणवाड्या आहेत. तिचे अहवाल कार्यालयात लोक एकमेकांना वाचून दाखवतात, असं ऐकते.

बाकीच्या लाल झालेल्यांसाठी सरांनी नवा उद्योग काढला. मला म्हणाले, "चार खांब सांगतले बाई, मेढ राह्यली." लग्नाचा मांडव घालताना आधी मुहूर्तमेढ रोवतात, मग खांब, हे जन्मभर लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या माणसाला आठवू नये याचं त्यांना फार आश्चर्य वाटत होतं. मग रविवारच्या वर्गात ते प्रत्येकाला आधी मेढ गाडायला लावू लागले, म्हणजे स्वतः पाहिलेली एक गोष्ट, जी दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही. ती सांगितल्याशिवाय लिहायचं नाही. खांब मात्र त्यांनी काढले नाहीत. मी एकदा म्हटलं, आता त्या खांबांची काय गरज? तर माझ्यावरच डाफरले. "तुमी घरीच मराठी बोलत होत्या. तुमाले काय मालूम ऊन कसं लागते?"

मला मान्य करावं लागलं.

त्या नव्या रीतीनं माझं काम वाढलं. स्वाध्याय लांबले. तेंदूच्या निबंधात मेव्हण्याची भांडणं आली, बांबूच्या निबंधात वाघ येऊन गेला आणि कोणी त्याला पाहिलंच नाही. एका बाईनं डिंकाच्या स्वाध्यायात आपल्या सासूची पूर्ण तक्रार नोंदवली आणि शेवटी 'म्हणून डिंकाचे जतन करणे हे आपले कर्तव्य आहे' असं लिहून मांडवाबाहेर पडली. सॉफ्टवेअर अजून आहे, रंगही आहेत. पण आमच्या केंद्रावर लाल आलं की मी आधी फोन लावते आणि एवढंच म्हणते, जरा सांगा बरं. जे मोबाईलला विचारून लिहितात ते दुसऱ्या मिनिटाला कळतात आणि जे मांडवातून लिहितात तेही कळतात. वेळ लागतो, पण चालतं.

सर गेले ते मुलाकडे. मुलगा राजुऱ्याजवळ कोळसा खाणीत नोकरीला आहे. वडशात एकटे किती दिवस राहणार, असं त्यानं म्हटलं आणि सरांनी फार ताणलं नाही. नाटकांच्या हंगामात येत जाईन, म्हणाले. नागभीडच्या माझ्या घरी मी रोज वडशाहून त्याच गाडीनं जाते, म्हणून त्या संध्याकाळी त्यांच्यासोबत बसले. वाटेत खाण्यासाठी मी डब्यात दशम्या आणि जवसाची चटणी दिली होती. ब्रह्मपुरीपर्यंत ते तलावाच्या मुलाबद्दल बोलले. त्याला आता ग्रामपंचायतीत काम मिळालं आहे आणि तलावात खरंच एक बोट आली आहे म्हणे, मासेमारी संस्थेची. सरांना त्याचा भारी आनंद झाला होता. "पोट्टा खोटा नोहोता बाई," म्हणाले. "जरा आधी बोलला एवढंच."

नागभीडला मी उतरले आणि त्यांच्या खिडकीपाशी आले. मला निरोपाचं बोलता येत नाही, आवडतही नाही. तरी काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हटलं, "सर, तुम्ही इथे होतात, तर..."

आणि पुढे सुचेना.

त्यांचे ओठ उघडले. माझं वाक्य त्यांच्याजवळ तयार होतं, बहुतेक माझ्यापेक्षा चांगलं. मग त्यांनी हसून हात वर केला, तळवा तोंडावर ठेवला आणि माझ्याकडे बघत थांबले. गाडीनं भोंगा दिला. ते थांबूनच.

"डबा परत पाठवा," मी म्हटलं.

त्यांनी हात काढला. "बराबर," असं म्हणाले, आणि मान हलवली, जसं काही तेच वाक्य तिथे हवं होतं.

गाडी हलली. समोरच्या बाकावर एक माणूस फोनवर कोणाला तरी समजावत होता, "अरे, ते नाई का रे, त्याले काय मनतेत ते..." खिडकी पुढे सरकली तेव्हा सर पुढे वाकलेले दिसले.